पाईपलाईनची चारी: ट्रेंचर की जेसीबी? आठ महिन्यांनंतरचा हिशेब

एप्रिलमध्ये विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत २,४१० फूट पाईपलाईन गाडली. आता डिसेंबर चालू आहे. मधे अख्खा पावसाळा त्या चारीवरून गेला आणि ऑक्टोबरपासून मोटर जवळजवळ रोज चालते आहे. काम झालं त्याच दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर मी जेसीबीचं नाव घेतलं असतं. आज तसं सांगणार नाही.

आमचं रान शेवगाव तालुक्यात. विहीर नाल्याकाठी. तिथून १,७५० फूट खोल काळी जमीन, पुढे चढाला ६०० फूट मुरूम आणि त्या मुरमाच्या तोंडाला ६० फूट काळा खडक. पाईप ११० मिलिमीटरचा पीव्हीसी, चारी तीन फूट खोल. कमी खोलीवर भागतं असं बरेच जण म्हणाले, पण सबसॉयलर (खोल नांगरटीचं अवजार) दोन फुटांपर्यंत जातो आणि लाईनचा काही भाग शेजाऱ्यांच्या रानातून आहे. उद्या त्यांनी नांगरट केली आणि पाईप फुटला तर दोन्ही घरांचं नुकसान. (शेजारी तयार नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्यात पाईप किमान अर्धा मीटर खोल हवा असं आहे. आमच्या शेजारच्या अण्णांनी तोंडी होकार दिला, तरी मी कागदावर सही घेतली आणि त्यांनीही ती मनापासून दिली.)

दर दोन पद्धतीनं मिळाले. ट्रॅक्टरमागचं चेनचं ट्रेंचर (दातांच्या चेननं चारी खोदणारं यंत्र) फुटावर: काळ्या रानात १२ रुपये फूट, मुरमात १८, वर आणण्या-नेण्याचे १,५०० वेगळे. जेसीबी तासावर: १,२०० रुपये, आणि गावातून निघाल्यापासून तास मोजणार. जेसीबीवाले म्हणाले, तासाला शंभर-सव्वाशे फूट निघतं. म्हणजे फुटाला दहा-बारा रुपये. दोन्ही सारखंच वाटलं आणि इथेच माझी चूक होत होती.

चूक अशी की मी फक्त खोदाई मोजली, निघणारी माती मोजलीच नाही. ट्रेंचरची चारी आठ इंच रुंद. शंभर फुटांत २०० घनफूट माती निघते. जेसीबीला दीड फुटाचं बकेट लावलं तरी कडा ढासळून चारी दोन फुटांची होते, म्हणजे शंभर फुटांना ६०० घनफूट. तिप्पट माती उकरायची, तिप्पट बुजवायची आणि पावसाळ्यात तिप्पट दबणारी पोकळी. बुजवायचे तास कुणी दरात सांगत नाही.

ट्रेंचर ठरवताना ट्रॅक्टरला क्रीपर गिअर आहे का हे आधी विचारा. साधा ट्रॅक्टर सगळ्यात खालच्या गिअरमध्येही ताशी दीड-दोन किलोमीटर पळतो. चेनला मात्र तासाला तीनशे-चारशे फुटांचीच चाल लागते. क्रीपर नसेल तर ड्रायव्हर क्लच दाबत-सोडत चालवतो, चारीचा तळ खालीवर होतो आणि पाईप मधेच अधांतरी राहतो. मी बोलावलेल्या पहिल्या मशीनला क्रीपर नव्हता, मी ते परत पाठवलं. दोन दिवस गेले, पण तो निर्णय बरोबर ठरला.

काळ्या रानातलं काम बघून मन भरून आलं. साडेपाच तासांत १,७५० फूट. कडा सरळ, माती पिठासारखी मोकळी होऊन एका बाजूला पडलेली. आठ इंचात माणूस उतरू शकत नाही, म्हणून जोड वरच करावे लागतात. आम्ही पाच-पाच पाईप सोल्युशननं जोडले, सुकू दिले आणि दोरानं खाली सोडले. उंचसखल जागी मात्र चेनचा दांडा उचलला जातो. दोन ठिकाणी खोली अडीच फूटच भरली. तीन फुटांवर खूण केलेली काठी हातात होती म्हणून ते तिथल्या तिथे कळलं आणि ड्रायव्हरदादांनी कुरकूर न करता परत मागे घेतलं.

मग मुरूम लागला. पहिल्या वीस फुटांतच चेन उडायला लागली, दोन दात तुटले. मशीनमालकांनी दातांचे पैसे मागितले. बोलणी आधी झाली नव्हती, त्यामुळे तासभर वाद झाला आणि शेवटी त्यांनी सोडून दिलं. ट्रेंचर थोड्या मऊ मुरमात चालतं, पण गोटे मिसळलेल्या मुरमात नाही. मी आधी दर शंभर फुटांवर पहार मारून बघितली असती, तर हे घरीच कळलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

मुरमाला जेसीबी लावला, खडकाला ब्रेकर (खडक फोडायचं यंत्र). शिवरस्त्याखालून गावची पाण्याची लाईन जाते, तिथले दहा-बारा फूट मजुरांकडून हातानं खोदून घेतले. तिथे मशीन लावूच नका, फुटली तर अख्खं गाव पाण्याविना राहील.

खर्च असा झाला. ट्रेंचरचे २१,०००, वाहतुकीचे १,५०० आणि त्या भागात माती लोटायला मागे फळी लावलेल्या ट्रॅक्टरचे १,४००. जेसीबीचे तेरा तास: नऊ खोदाईचे, तीन बुजवायचे, एक येण्याजाण्याचा, मिळून १५,६००. ब्रेकर तीन तास, १,८०० प्रमाणे ५,४००. मजुरी २,०००. एकूण ४६,९००, सरासरी साडेएकोणीस रुपये फूट. पण सरासरी फसवी आहे. काळ्या रानात फुटाला पावणेचौदा रुपये पडले, मुरमात २६, खडकात ९०. तुमच्या लाईनीत कोणती जमीन किती फूट आहे, त्यावरच तुमचा खर्च ठरणार.

आता पावसाळ्यानंतरचं. ट्रेंचरची चारी दीड-दोन इंच बसली, बस्स. सोयाबीनमधून ती ओळखूही आली नाही. जेसीबीचा भाग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात अर्धा फूट खचला. चढाची जागा असल्यानं पाणी चारीतूनच वाहायला लागलं आणि चार ट्रॉल्या माती टाकावी लागली. तिथे आडवे बांध घालून चारी जागोजागी अडवायला हवी होती.

ऑक्टोबरमध्ये त्याच भागात पाईप फुटला. उकरून बघितलं तर नारळाएवढा दगड पाईपवर टेकलेला. बुजवताना ऑपरेटरनं बकेटनं मुरूम आणि गोटे थेट लोटले होते, आणि दुपार टळल्यामुळे मीही घाई केली होती. पाईपच्या खाली चार इंच आणि वर फूटभर मऊ माती हातानं टाकली असती, तर दोन मजूर आणि एक दिवस एवढाच खर्च होता. दुरुस्तीत तीन दिवस पाणी बंद राहिलं, तेही हरभरा उगवणीला असताना.

अजून एक गोष्ट मनाला लागली आहे. काळी जमीन संपून मुरूम सुरू होतो, तिथे माती फूटभरच आहे. जेसीबीनं माती आणि मुरूम एकत्र केला आणि मुरूम वर आला. त्या पट्ट्यात आज हरभरा पिवळा, वीतभरही नाही. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला, असं ऑपरेटरला सुरुवातीलाच सांगायला हवं. ते सांगितल्यावर करतात, कारण त्यात त्यांचा वेळ फारसा जात नाही. तो पट्टा सुधारायला मला आता दोन-तीन वर्षं शेणखत घालावं लागेल.

वेळेबद्दलही सांगतो. एप्रिलमध्ये सगळ्यांनाच खोदाई करायची असते, दर चढतात आणि काळी जमीन वाळून कडक झालेली असते. जास्त ओल असली तर माती चेनला चिकटते. वाफसा (जमीन ना फार ओली, ना कोरडी) असताना, म्हणजे हरभरा काढल्याबरोबर चारी घ्यावी.

पूर्वेकडच्या दोन एकरांसाठी ९०० फुटांचा फाटा राहिला आहे. या वेळी नऊ ठिकाणी पहार मारून झाली, सगळीकडे तीन फुटांपर्यंत माती लागली. त्याच क्रीपरवाल्या ट्रेंचरला फेब्रुवारीचं सांगून ठेवलं आहे: १२ रुपये फूट, खोली काठीनं मोजून, आणि तुटलेले दात मालकाच्या अंगावर.