ॲक्सेंट ‘काढून टाकू’ असं न सांगणारा क्लास (कॉलेज रोड, नाशिक)

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय. चार दिले ते मुख्यतः एका गोष्टीसाठी: इंग्रजी उच्चारांच्या या क्लासात कुणी तुमचा ॲक्सेंट, म्हणजे बोलण्याचा हेल, काढून टाकण्याची हमी देत नाही. समोरचा माणूस नेमका कुठल्या आवाजाशी अडखळतो ते शोधतात आणि तेवढंच दुरुस्त करतात. बाकीचं तुमचं तुमच्याकडे राहतं.

मी नर्स आहे. माहेर सटाण्याकडचं, घरात अहिराणी, शाळा मराठी, नर्सिंग नाशिकला. आधी मस्कत, मग आयर्लंडमध्ये कॉर्क, मग ऑकलंड अशा नोकऱ्या झाल्या. वडिलांच्या आजारपणामुळे परत आले, आता इंदिरानगरला राहते. माझी भाची नर्सिंग संपवून आयर्लंडला जायची तयारी करते आहे. तिच्या ओईटीसाठी, म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेसाठी, मी हा क्लास शोधला, आणि पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसून ऐकल्यावर स्वतःचीही फी भरली. कारण इतकी वर्षं मला जे प्रश्न पडत होते, त्यांची उत्तरं तिथे पहिल्यांदा कुणीतरी सरळ भाषेत दिली.

प्रश्न असे. मस्कतमध्ये वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त सिस्टर केरळच्या. वर्षभरात माझ्या इंग्रजीला त्यांचा हेल लागला आणि पेशंटचे नातेवाईक मला बिनदिक्कत ‘केरळात कुठली?’ म्हणून विचारायचे. कॉर्कला वेगळंच. तिथली बरीच माणसं इंग्रजीतला ‘थ’ आपल्या ‘त’सारखा, जीभ दातांना टेकवून म्हणतात. ‘थँक्यू’ ऐकू येतं ते ‘तँक्यू’. ‘र’सुद्धा गिळत नाहीत, ‘नर्स’मधला ‘र’ स्पष्ट म्हणतात. हे दोन्ही मला जन्मापासून येत होतं, त्यामुळे तिथे माझी जीभ लवकर मिसळली. पुढे ऑकलंडला फोनवर बोलले की लोक विचारायचे, आयरिश आहेस का? आणि समोरासमोर आले की तीच माणसं म्हणायची, फिजीची असशील. न्यूझीलंडमध्ये फिजीतून आलेले भारतीय वंशाचे लोक खूप आहेत, म्हणून तो अंदाज. म्हणजे आवाज तोच, बाई तीच, आणि फोन ठेवून खोलीत शिरले की देश बदलायचा. नाशिकला परतले तर नाशिकरोड स्टेशनला रिक्षावाले दादा माझ्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायला लागले. सटाण्यात आत्या दारातच ‘काय करी राह्यनी?’ म्हणाली, मी उत्तर दिलं, आणि ती घरात सांगत गेली की पोरीची अहिराणी पाहुण्यासारखी झाली. ते मला लागलं. त्या अहिराणीतच मी वाढले आहे.

सरांनी स्वतः बरीच वर्षं ग्लासगोत काढली आहेत. ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही काही सोडलं नाहीये. ज्यांच्याबरोबर दिवस काढला त्यांच्याकडे तुमची जीभ सरकली.’ मग फळ्यावर एका समाजमानसशास्त्रज्ञाचं नाव लिहिलं: हॉवर्ड जाइल्स. समोरच्याशी जुळवून घेताना माणूस नकळत त्याच्या बोलण्याच्या जवळ जातो, आणि अंतर राखायचं असेल तर मुद्दाम लांबही जातो, हे त्यांनी 1970च्या दशकात मांडलं. त्यानंतर सरांनी अंटार्क्टिकाची गोष्ट सांगितली. ब्रिटिश तळावर एक हिवाळा एकत्र काढणाऱ्या 11 जणांचा आवाज संशोधकांनी पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केला. बाहेरच्या जगाशी जवळपास संबंध नसताना, तेवढ्या काही महिन्यांत त्यांच्या स्वरांमध्ये यंत्रावर मोजता येईल असा बारीक बदल दिसला. हे 2019मध्ये प्रसिद्ध झालं. एका हिवाळ्यात एवढं होत असेल तर मस्कत, कॉर्क आणि ऑकलंड मिळून माझं काय झालं असेल!

याच तासाला सरांनी राणी एलिझाबेथची नाताळची भाषणं लावली, एक 1950च्या दशकातलं आणि एक 1980च्या. डोळे मिटून ऐकायला सांगितलं. दुसऱ्यातले स्वर दक्षिण इंग्लंडच्या सामान्य माणसाच्या जास्त जवळचे आहेत हे आमच्या बॅचमधल्या सातपूरच्या मुलालाही कळलं, आणि तो पोरगा कधी महाराष्ट्राबाहेर गेलेला नाही. जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच भाषणं मोजून पाहिली होती. त्यांचा लेख 2000मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात आला. राजवाड्यात राहणाऱ्या बाईंचा उच्चार सरकतो, तर सिडकोतल्या पोरीला ‘तिकडे जाऊन बदलली’ असं कुणी म्हणू नये.

फोनवर आयरिश आणि समोर फिजी याचं उत्तर पुढच्या आठवड्यात मिळालं. डोनाल्ड रुबिन यांनी 1992मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. अमेरिकन विद्यार्थ्यांना एका बाईच्या आवाजातलं लेक्चर ऐकवलं. बाई ओहायोची, इंग्रजी तिची जन्माची भाषा. काहींना आवाजाबरोबर गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. रेकॉर्डिंग तेच होतं, तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना परदेशी ॲक्सेंट ऐकू आला आणि त्यांना लेक्चर समजलंही कमी. हे ऐकून भाची गप्प झाली. मी मात्र मोकळी झाले. आपल्याकडून होण्यासारखं जेवढं आहे तेवढं करायचं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांचा भाग आपल्या अभ्यासात येत नाही, आणि त्याचा भार तेवीस वर्षांच्या मुलीने डोक्यावर घेऊन विमानात बसू नये.

आता प्रत्यक्ष शिकवणं कसं आहे ते. सर वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापतात आणि ओठांसमोर धरायला लावतात. मग म्हणायचं ‘पॅच’. आपली पट्टी हलत नाही. मराठी ‘प’ला हवा सुटतच नाही. इंग्रज कानाला असा कोरडा ‘प’ बऱ्याचदा ‘ब’ वाटतो, म्हणून औषधाचा ‘पॅच’ फोनवर ‘बॅच’ होतो. औषधाला बॅच नंबरही असतोच, तेव्हा हा घोटाळा बारीक नाही. सर सांगतात, ‘फळ’ म्हणा, पण आजी म्हणायची तसं, दोन्ही ओठ मिटून. आता तोच ‘फ’ थोडा हलका करून ‘पॅच’ला लावा. पट्टी फडफडली की झालं. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ट’ आणि ‘क’लाही तसंच. भाचीला हे एका संध्याकाळीत जमलं, कारण तिला नवीन काही शिकायचं नव्हतं, घरातलाच आवाज दुसऱ्या जागी वापरायचा होता.

‘व’चं असंच. आपला ‘व’ इंग्रजीतल्या दोन आवाजांच्या मधोमध बसतो. ‘वेट’ला ओठांचा चंबू, ‘व्हेट’ला वरचे दात खालच्या ओठावर. हे आरशासमोर करून घेतात. आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो शब्दातल्या जोरावर. ‘हॉटेल’ म्हणताना आपण ‘हॉ’ दाबतो, त्यांचा जोर ‘टेल’वर. ‘डेव्हलप’मध्ये जोर मधल्या अक्षरावर. समोरच्याला शब्द कळत नाही तेव्हा बऱ्याचदा अक्षर बरोबर असतं, जोर चुकीच्या जागी पडलेला असतो. हे मला वॉर्डात कुणी सांगितलं नव्हतं.

काही दिवसांनी सरांनी मला रोल-प्लेमध्ये पेशंट केलं. ऑकलंडची आजीबाई झाले तेव्हा ‘बेड’चं ‘बिड’ आणि ‘पेन’चं ‘पिन’ ऐकून मुली चक्रावल्या. न्यूझीलंडमध्ये ‘ए’ असा वर चढतो, आणि अनेकांच्या तोंडी ‘बिअर’ आणि ‘बेअर’ एकच होतात. आधी नुसतं ऐकायचं, अंदाज करायचा, मग अदबीने पुन्हा विचारायचं. पुन्हा कसं विचारायचं याची वाक्यं त्यांनी पाठ करून घेतली, आणि परदेशी वॉर्डात पहिल्या महिन्यात हीच सगळ्यात जास्त लागतात.

परीक्षेचंही नीट सांगतात. आयईएलटीएस या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेची स्पीकिंग टेस्ट 11 ते 14 मिनिटांची, गुणांचे निकष चार, त्यातला उच्चार हा एक. भारतीय ॲक्सेंट आहे म्हणून गुण जात नाहीत, बोलणं कळलं नाही तर जातात. ओईटीत साधारण 20 मिनिटांत दोन रोल-प्ले. शहरातल्या दुसऱ्या एका क्लासात भाचीला महिनाभर ‘वॉटर’चं अमेरिकन पद्धतीचं ‘वॉडर’ करायला लावलं होतं. तिला जायचं होतं आयर्लंडला! त्या महिन्याची फी गेलीच, वर पोरगी स्वतःचा आवाज ऐकायलाच घाबरायला लागली. इथे ती भीती गेली, आणि माझ्या लेखी या क्लासचं सगळ्यात मोठं काम तेच.

कापलेला स्टार. ऐकवायची रेकॉर्डिंग जवळपास सगळी इंग्लंडची आणि थोडी स्कॉटलंडची. आयर्लंडच्या हॉस्पिटलात शेजारी उभी असणारी सिस्टर पुष्कळदा केरळची नाहीतर फिलिपिन्सची असते, डॉक्टर सुदानचा किंवा पाकिस्तानचा. तो कान इथे तयार होत नाही. मी सरांना हे बोलले, त्यांनी मान्य केलं, पण अजून नवीन रेकॉर्डिंग आलेली नाहीत. दुसरं, बॅच मोठी आहे. रोल-प्लेच्या वेळी एकाच खोलीत चार जोड्या बोलतात आणि खाली कॉलेज रोडचे हॉर्न. उच्चार शिकवणाऱ्या जागेला शांत खोली हवीच, यात तडजोड नको. पार्किंगला जागा नाही, गाडी लांब लावून चालत या.

फी दोन महिन्यांची 9,000, दोन हप्त्यांत घेतात. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर इथे येऊ नका, तेवढ्यात कान बसत नाही. ज्यांच्या हातात तीन-चार महिने आहेत, नर्सिंग किंवा हॉटेल लाइनमध्ये जायचंय, त्यांनी जरूर यावं. परदेशात राहून परत आलेल्यांनीही यावं, निदान दोन-चार तास तरी, सर बसू देतात. शनिवार-रविवारची बॅच लवकर भरते, आधी फोन करा. आणि फोनवर इंग्रजीतच बोला, सर तिथूनच ऐकायला सुरुवात करतात.