कोल्हापुरातील एका वंध्यत्व उपचार केंद्राबद्दल, तीन भेटींनंतर

केंद्राचे नाव मी येथे देत नाही. कोल्हापुरात तपशिलावरून माणूस ओळखायला वेळ लागत नाही, आणि ही गोष्ट अजून आम्हां दोघांखेरीज फक्त माझ्या भाचीला ठाऊक आहे. माझे वय 42 वर्षे आहे, लग्न अडतिसाव्या वर्षी झाले, आणि या केंद्रात तीन वेळा जाऊन आल्यानंतरही आयव्हीएफ (बीज आणि शुक्रजंतू शरीराबाहेर एकत्र आणून तयार झालेले भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करायचे की नाही हे आम्ही ठरवलेले नाही. म्हणून हा अभिप्राय उपचाराच्या यशापयशाबद्दल नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईला निर्णय घेण्यासाठी जी माहिती लागते ती येथे कशी मिळते, एवढ्यापुरताच तो आहे.

पहिल्या भेटीची सुरुवात चांगली झाली नाही. यजमान शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला आहेत आणि त्या दिवशी त्यांना रजा मिळाली नाही, म्हणून शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या भाचीला मी सोबत नेले होते. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे न पाहता तिलाच ‘लग्नाला किती वर्षं झाली, मॅडम?’ असे विचारले, आणि मी काही बोलेपर्यंत फाइलवर भाचीचे नाव आणि मोबाइल नंबर चढलाही होता. भरलेल्या हॉलमध्ये ‘पेशंट मी आहे’ असे मोठ्याने सांगावे लागणे सुखाचे नव्हते. सुनेला घेऊन आलेल्या एका आजींनी मात्र पदर सावरत ‘हितं समदीच उशिरा आल्यात, बस तू’ म्हणून बाकावर जागा करून दिली.

डॉक्टरांच्या खोलीत अनुभव वेगळा आला. यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी ‘यशाचे प्रमाण 70 टक्के’ असा फलक पाहून आम्ही भारावून गेलो होतो. ते प्रमाण कोणत्या वयाच्या स्त्रियांचे, स्वतःच्या स्त्रीबीजांचे की दात्याच्या, आणि यश म्हणजे रक्ततपासणी पॉझिटिव्ह येणे की मूल घरी येणे, यांपैकी एकही प्रश्न तेव्हा आम्हाला सुचला नव्हता. येथील डॉक्टरबाईंनी हे तिन्ही प्रश्न स्वतःहून काढले आणि वंध्यत्व उपचारांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या नियामक संस्थेची 2019 ची आकडेवारी पुढे ठेवली. गर्भाशयात सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे मूल जन्मण्याचे प्रमाण त्यात 35 वर्षांखालील स्त्रियांसाठी 32 टक्के आहे, तर 40 ते 42 या वयासाठी 11 टक्के. त्या अकराभोवती पेनाने गोल करून त्या म्हणाल्या, ‘तुम्ही हा आकडा धरून चाला. फलकावरचा नको.’ वाईट वाटले, पण इतके स्पष्ट आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

माझे एएमएच (अंडाशयात किती बीजे उरली आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 0.8, म्हणजे कमीच आले आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून सहा फॉलिकल (ज्यांत बीज वाढते त्या छोट्या पिशव्या) दिसले. या तपासण्यांवरून बीजे वाढवण्यासाठीच्या इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देतील याचा अंदाज येतो, बीजांचा दर्जा मात्र कळत नाही. वय वाढते तशी गुणसूत्रांची वाटणी चुकलेली बीजे वाढत जातात, आणि चाळिशीनंतर भ्रूण न रुजण्याचे किंवा गर्भ पडण्याचे मुख्य कारण बहुधा तेच असते, हे त्यांनी न कंटाळता दोनदा समजावले. मग भ्रूणाची गुणसूत्र तपासणी करून घ्यावी का, असे मी विचारले, तेव्हा उत्तर आले, ‘तांदूळ निवडायला आधी सुपात तांदूळ पाहिजेत.’ एकच भ्रूण मिळाले तर त्या तपासणीवर पैसे घालण्याचा आग्रह त्या करणार नाहीत. गरोदरपणात रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका या वयात वाढतो, म्हणून फिजिशियनचा अहवाल आल्याशिवाय इंजेक्शने सुरू करणार नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकले.

दुसऱ्या भेटीला यजमान आले. आमच्याकडे मूल नसले की तपासण्या बाईच्याच होतात; येथे त्यांच्या वीर्य तपासणीचा अहवाल आल्याखेरीज डॉक्टर पुढे बोलायलाच तयार नव्हत्या. भट्टीजवळ रोज किती तास उभे राहता, हा प्रश्न त्यांना कोणी विचारेल असे आम्हाला वाटले नव्हते. सततच्या उष्णतेने शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते, आणि नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून बदल केला तरी फेरतपासणी तीन महिन्यांनी करायची. यजमानांनी भट्टीपासून दूर, पॅटर्न शॉपमध्ये (साच्यांसाठी नमुने बनवण्याच्या विभागात) बदली मागून घेतली आहे; कारण ‘पाठदुखी’ असे सांगितले आहे.

दात्याच्या स्त्रीबीजाचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला, तोही मीच काढल्यावर. 2021 च्या कायद्यानुसार स्त्रीचे वय 50 च्या आणि पुरुषाचे 55 च्या आत असेल तरच हे उपचार करता येतात; बीज देणारी स्त्री 23 ते 35 वर्षांची असावी लागते, तिला आयुष्यात एकदाच दान करता येते, आणि तिचा विमा दांपत्याने उतरवायचा असतो. ही माहिती समुपदेशकाने नीट दिली. परंतु ते मूल मला माझे वाटेल का, हा माझा खरा प्रश्न होता आणि त्यासाठी ठेवलेली वीस मिनिटे कमी पडली. पुढचा पेशंट दारात उभा असल्याचे दिसत असताना असे बोलणे होत नाही.

खर्चाचा अंदाज लेखी मिळाला, ही मला मोठी गोष्ट वाटते. एका सायकलचे (उपचाराच्या एका फेरीचे) 1 लाख 65 हजार रुपये सांगितले असून इंजेक्शने, भ्रूण गोठवणे आणि दुसऱ्यांदा भ्रूण सोडणे त्यात धरलेले नाही, असे त्याच कागदावर लिहिलेले आहे. माझ्या वयात इंजेक्शनांचा डोस जास्त लागू शकतो, म्हणून त्यांचे 60 ते 80 हजार वेगळे धरायला सांगितले. आमच्या मेडिक्लेममध्ये वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत.

साडेदहाची वेळ दिली तर बारापर्यंत बसण्याची तयारी ठेवावी. प्रत्येक भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो आहेत. चौथ्या महिन्यात गर्भ गमावून आलेली बाई समोर बसलेली असताना ते पाहवत नाहीत, निदान सोनोग्राफीच्या खोलीबाहेरचे तरी काढावेत. आणि फाइलवरचे नाव दुरुस्त झाले असले तरी मोबाइल नंबर दोनदा सांगूनही बदललेला नाही. ‘आपली सोनोग्राफी उद्या सकाळी 9 वाजता, पोटभर पाणी पिऊ नये’ हे संदेश अजून भाचीलाच येतात, आणि परवाचा आला तेव्हा तिचा फोन तिच्या आईच्या हातात होता.