क्रिप्टोलेमस ढालकिडे, दोन हंगामांनंतर : किडा उत्तम, पण मुंग्यांचं कोणी सांगत नाही

मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलेमस ढालकिड्यांच्या डबीबरोबर माहितीचा कागद येतो. संध्याकाळी सोडा, फवारणी टाळा, डबी उन्हात ठेवू नका, सगळं त्यात असतं. मुंग्यांबद्दल अक्षर नसतं. आणि गच्चीवरच्या बागेत या किड्यांचे पैसे वसूल होणार की वाया जाणार, हे मुंग्याच ठरवतात.

आधी एक खुलासा, कारण डबी उघडल्यावर अनेकांचा विरस होतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला हा किडा नव्हे. क्रिप्टोलेमस जेमतेम 4 मिलिमीटरचा, काळपट तपकिरी, डोक्याकडे नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्याकडे 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला. ते काम त्याला नीट जमलं नाही, पण मिलीबगवर तो टिकला. तेव्हा जास्वंद, सीताफळ, पेरू यांच्यावरच्या पिठ्या ढेकणासाठीच तो मागवावा. मावा किंवा पांढऱ्या माशीसाठी मागवू नये. मावा खाणारे ठिपक्यांचे आणि नागमोडी पट्ट्यांचे ढालकिडे फुकट येतात. एका कुंडीत चवळी लावा, तिच्यावरचा मावा राहू द्या, शेपू-कोथिंबीर फुलोऱ्यात जाऊ द्या. त्यासाठी कुरियरचा खर्च कशाला? (वांग्याची पानं खरवडून जाळी करणारा 28 ठिपक्यांचा भुंगेरा याच कुळातला आहे. त्याला मित्रकीटक समजून सांभाळू नका.)

पहिल्या दोन आठवड्यांवर हे परीक्षण लिहिलं असतं, तर दोन तारे दिले असते. प्रौढ किडे एकेक करून दिसेनासे होतात, मिलीबग मात्र जागच्या जागी. पण खरं काम प्रौढांचं नसतंच. मादी मिलीबगच्या कापसासारख्या अंडीपुंजक्यांत आपली अंडी घालते. पाच-सहा दिवसांत अळ्या निघतात, पुढचे दोन-अडीच आठवडे त्या अखंड खातात, मग कोष. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण महिना जातो. लहान मिलीबग असतील तर एक अळी अडीचशेपर्यंत फस्त करते. त्यामुळे निकाल तिसऱ्या आठवड्यानंतर बघायचा. माझं मत तिथेच बदललं. जास्वंदीचे आकसलेले शेंडे महिन्या-दीड महिन्यात मोकळे झाले.

गोंधळ असा की अळीसुद्धा पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्यांनी झाकलेली असते आणि हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी दिसते. लोक किडे विकत घेतात आणि त्यांचीच पिल्लं टूथब्रशने घासून टाकतात. ओळख सोपी आहे. कागदावर ठेवा; अळी लगेच चालू लागते, मिलीबग बसून राहतो. अळीच्या झिरमिळ्या लांब आणि विस्कटलेल्या असतात, आणि पूर्ण वाढलेली अळी सेंटिमीटरच्या पुढे जाते. बागेला पाणी घालणाऱ्या प्रत्येकाला ही अळी एकदा दाखवून ठेवा.

आता मुंग्या. मिलीबग गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या त्यासाठी त्याची राखण करतात. प्रौढ ढालकिड्याला त्या फांदीवर टिकू देत नाहीत. मेणाच्या कवचामुळे अळी त्यांच्यात बऱ्यापैकी निभावते, पण मादीला अंडीच घालू दिली नाहीत तर अळी येणार कुठून? खोडावर मुंग्यांची ये-जा चालू असताना डबी उघडणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं.

म्हणून किडे मागवण्याच्या दोन-तीन आठवडे आधी मुंग्यांचं काम सुरू करा. मुंग्यांची पावडर कुंडीत टाकू नका, ती ढालकिड्यालाही मारते. 1 लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम साखर आणि 10 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा, कापसाचे बोळे भिजवून झाकणाला भोक पाडलेल्या डब्यांत ठेवा आणि डबे मुंग्यांच्या वाटेवर मांडा. बोरिकचं प्रमाण वाढवायचा मोह होतो. तसं केलं की कामकरी मुंग्या वाटेतच मरतात आणि वारुळापर्यंत काही पोचत नाही. बोळे सुकले की बदला. मुलं आणि मांजरं पोचणार नाहीत अशी जागा निवडा.

दुसरी गोष्ट, खोडाला पट्टा. चार बोटं रुंद प्लॅस्टिक टेप घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस किंवा कीटकांचा चिकट गोंद लावा. सालीवर थेट ग्रीस लावू नका. आठवड्याने पट्ट्यावर धूळ बसते आणि त्या धुळीवरून मुंग्या आरामात जातात, तेव्हा पुन्हा लावावं लागतं. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली तर बहुतेक वेळा पट्ट्याचीही गरज पडत नाही. आणि सगळं करूनही मुंग्या दिसल्या तर फांद्या बघा. एखादी ग्रिलला, कपड्यांच्या दोरीला नाहीतर शेजारच्या कुंडीला टेकलेली सापडेलच. एवढा एक पूल सगळी मेहनत फुकट घालवतो.

किडे सोडताना लहान फळझाडाला 10 ही सर्वसाधारण शिफारस आहे. कुंडीतल्या जास्वंदीला त्याच्या निम्मे चालतात. सर्वांत बरबटलेली फांदी निवडून तिच्यावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवा, संध्याकाळी आत किडे सोडा, तोंड बांधा आणि दोन-तीन दिवसांनी काढा. अंडी तिथेच पडतात. विक्रेता अळ्या देत असेल तर घरच्या बागेसाठी त्याच घ्या, उडून जायचा प्रश्नच नाही. मात्र उपाशी अळ्या प्रवासात एकमेकींना खातात, त्यामुळे पार्सल आल्या दिवशीच सोडा.

इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम या कीटकनाशकांची आळवणी झालेलं (मुळाशी ओतलेलं) झाड असेल तर विसरा. ते कुंडीत कित्येक आठवडे राहतं, रसातून मिलीबगमध्ये जातं आणि तो खाणारा किडाही मरतो. नर्सरीतून नवीन आणलेल्या झाडाबाबत हे विचारूनच घ्या. बुप्रोफेझिन हे कीटकनाशक 'मित्रकीटकांना सुरक्षित' म्हणून सुचवलं जातं. क्रिप्टोलेमसच्या अळ्यांना ते सुरक्षित नाही. साबणाचं पाणी चालतं, पण सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी. निंबोळी तेलानंतर किमान आठवडाभर थांबा.

वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी. 22 ते 28 अंश त्याला मानवतात. पारा 33 च्या पुढे गेला की तो मंदावतो आणि मिलीबग नेमका तेव्हाच फोफावतो. एप्रिलमध्ये ऑर्डर दिली तरी विक्रेता पाठवतो, वर कुरियर वेगळं लावतो, आणि बंद ट्रकमधून आलेल्या डबीत निम्मे किडे मेलेले निघतात. बदली मागितली तर 'सजीव माल, परत नाही' हे ठरलेलं उत्तर. त्यामुळे कुरियर सोमवारी निघेल असंच सांगा, रविवारी गोदामात अडकलेली डबी संपलीच समजा.

दोन-तीन कुंड्या असतील तर हे मागवूच नका. लिटरला 5 मिलि सौम्य लिक्विड सोप, ओला फडका, आठवड्यातून एकदा, काम होतं. शिवाय थोडेच मिलीबग असले तर किडे उपाशी राहतात आणि निघून जातात. वीस-पंचवीस कुंड्या किंवा तीन-चार फळझाडं असतील तरच कुरियर परवडतं, आणि शेजारच्या गच्चीवाल्याबरोबर एक डबी वाटून घेतली तर अधिकच. पपईवरच्या मिलीबगसाठी यावर भिस्त ठेवू नका. 2010 साली पोर्टो रिकोहून आणलेल्या अॅसेरोफॅगस पपाई या सूक्ष्म गांधीलमाशीने ती कीड आटोक्यात आणली होती, आणि ती माशी आता बहुतेक ठिकाणी आपसूक असते. फवारणी थांबवली की दिसू लागते.

किड्याला चार तारे, माहितीच्या कागदाला एक. फेब्रुवारीत पुन्हा मागवणार आहे; बोरिकचे डबे जानेवारीच्या मध्यावर ठेवेन.