बीनकाँकरर : घरच्या कॉफीची काटेकोर नोंदवही

घरी पोर-ओव्हर (गाळणीतल्या कॉफीवर हाताने पाणी ओतून केलेली) किंवा एस्प्रेसो (यंत्राच्या दाबाने काढलेली दाट कॉफी) करणाऱ्यांना नोंदी ठेवण्यासाठी जी मोजकी अ‍ॅप उपलब्ध आहेत, त्यांत ‘बीनकाँकरर’ मला सर्वांत कामाचे वाटते. ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर विनामूल्य मिळते, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि खाते उघडण्याचा तगादा ते लावत नाही. नोंदी आपल्याच फोनमध्ये राहतात. साहजिकच फोन बदलण्यापूर्वी त्यांचा बॅकअप घेण्याची जबाबदारीही आपल्यावरच येते.

बिया, ग्राइंडर आणि कॉफी करण्याचे साधन यांची माहिती एकदा भरून ठेवली, की पुढे प्रत्येक कपाची नोंद त्यांतूनच निवडून करता येते. बियांच्या पानावर वाण, प्रक्रिया, मळ्याची उंची, किंमत असे बरेच काही लिहिता येते. त्यांत खरे मोल आहे ते भाजणीच्या तारखेला. चिकमगळूर-कूर्गकडची कॉफी विकणारे आपल्याकडचे अनेक नवे रोस्टर, म्हणजे बिया भाजून देणारे, ही तारीख पाकिटावर छापतात, आणि ती भरली की कॉफी केली त्या दिवशी बियांचे वय किती होते, हे अ‍ॅप आपणहून दाखवते. भाजल्यानंतर पहिले काही दिवस बियांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे अगदी ताज्या पाकिटाची कॉफी पाणी पडताच फसफसून फुगते, पण चव नीट उतरत नाही. पुढे काही आठवड्यांनी सुगंधच ओसरू लागतो. कोणते पाकीट कधी ऐन बहरात होते हे स्मरणशक्तीवर सोडले, तर सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे चालतो.

नोंदीचा एक नमुना पाहा : व्ही६० (शंकूच्या आकाराची पोर-ओव्हर गाळणी), कॉफी १५ ग्रॅम, पाणी २५० ग्रॅम, तापमान ९३ अंश, दळण २२ क्लिक (ग्राइंडरवरच्या जाड-बारीकपणाच्या खाचा), पहिले ४५ ग्रॅम पाणी ओतून ४० सेकंदांची उसंत, एकूण वेळ पावणेतीन मिनिटे, शेरा, ‘शेवटच्या घोटाला कडवट’. दुसऱ्या दिवशी हीच नोंद पुन्हा वापरायला घेतली की आकडे जसेच्या तसे समोर येतात आणि फक्त दळण दोन क्लिक जाडसर करून पाहता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे सगळ्यांना ठाऊक असते. काल नेमके काय केले होते तेच आठवत नसल्याने ते पाळले मात्र जात नाही. या अ‍ॅपची सगळी उपयुक्तता मला इथे दिसते.

नवख्या माणसाला रकान्यांची गर्दी बिचकवू शकते. सेटिंग्जमध्ये जाऊन नको असलेले रकाने बंद करता येतात आणि ते पहिल्याच दिवशी करावे. टीडीएस, म्हणजे तयार कॉफीत विरघळलेल्या अंशाचे प्रमाण, भरल्यास अ‍ॅप एक्स्ट्रॅक्शनची, म्हणजे कॉफीच्या पुडीतला किती भाग पाण्यात उतरला याची, टक्केवारी काढून देते आणि ती १८ ते २२ च्या दरम्यान असावी असा रूढ संकेत आहे. पण त्यासाठी टीडीएस मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण विकत घेणे हे घरगुती पिणाऱ्याला, माझ्या मते, चैनच. ब्लूटूथचे वजनकाटे जोडल्यास पाण्याच्या धारेचा आलेख काढला जातो आणि तो पाहायला मजा येते हे खरे, तरी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा काटा आणि हाताने भरलेला आकडा एवढ्यावर काम उत्तम भागते.

कॉफी आंबट लागली तर दळण बारीक करा, असा सल्ला हे अ‍ॅप देत नाही. ज्यांना पायरीपायरीने सांगणारा मार्गदर्शक हवा आहे, त्यांनी दुसरे अ‍ॅप पाहावे. पितळी फिल्टरमध्ये चिकोरी घातलेली कॉफी रात्रीच गळत ठेवणाऱ्यांना आपले साधन यात नव्याने जोडता येते. चिकोरीचे प्रमाण शेऱ्यात लिहावे आणि टायमरकडे खुशाल दुर्लक्ष करावे.