दिव्यांग मुलाची शाळा: गावची, विशेष की घरीच?

मूल सहाचं झालं की अंगणवाडी सुटते आणि आईवडिलांपुढे तीन वाटा येतात. जवळची जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा, फक्त दिव्यांग मुलांसाठी चालणारी विशेष शाळा, नाहीतर घरी येऊन शिकवणारे शिक्षक. सल्ल्याला तोटा नसतो. डॉक्टर एक सांगतात, आत्या दुसरंच सांगते आणि मुख्याध्यापक म्हणतात, "आमच्याकडे सोय नाही हो, तुम्ही विशेष शाळेत बघा." या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण ते काळजीपोटी म्हटलेलं असलं तरी कायद्यात बसत नाही.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश त्यातल्या वंचित घटकांत झाला. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं कलम ३१ पालकांनी पाठच करून ठेवावं. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने, मोफत शिकता येतं. ही पसंती मुलाची, म्हणजे व्यवहारात घरच्यांची. शाळेला त्यात मत नाही. "आधी मुलाला आणा, बघू, मग ठरवू" अशी प्रवेशापूर्वीची पारखही शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ ला मान्य नाही. त्यासाठी पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. प्रवेश देऊन झाल्यावर मुलाच्या गरजा समजून घेणं ही वेगळी गोष्ट. ते करायलाच हवं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलाला जमेल तिथे जवळची शाळा पहिली, काही मुलांसाठी सुरुवातीची वर्षं विशेष शाळा, आणि घरचं शिक्षण अगदी नाइलाज असेल तरच. पण कोणतीही शाळा निवडताना एक प्रश्न सोबत ठेवावा: इथून पुढे हलता येईल का? सहाव्या वर्षी घेतलेला निर्णय सोळाव्या वर्षापर्यंत ओढत नेण्याची सक्ती कुठल्याच कायद्यात नाही.

जवळची शाळा

कागदावर सगळ्यांत जास्त हक्क इथे आहेत. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ सरकारी अनुदानावरच्या आणि मान्यताप्राप्त सगळ्या शाळांवर जबाबदारी टाकतं: भेदभाव न करता प्रवेश, इमारत आणि सोयी वापरता येतील अशा, आणि प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय. जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या आणि त्याच्या मदतनिसाच्या येण्याजाण्याची व्यवस्थाही त्यात येते. कलम १७ खाली किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साहित्य-साधनं मोफत. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हेही त्याच कलमात.

आता जमिनीवर. खरी अडचण माणसांची आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक अनेक शाळा फिरतात आणि तुमच्या मुलाच्या वाट्याला त्यांचा थोडाच वेळ येतो. रजनीशकुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला दर १० आणि त्यापुढे दर १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण धरायला सांगितलं. निकाल चांगला आहे, पण पदं भरणं हे शासनाच्या गतीने चालतं. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग एका खोलीत सांभाळणारे गुरुजी तुमच्या मुलाला बघून दचकतात, यात दुष्टपणा फारसा नसतो.

म्हणून या शाळेत मागावं लागतं, आणि लेखी मागावं लागतं. तोंडी विनंतीला तोंडी आश्वासन मिळतं आणि बदली झाली की तेही जातं. साध्या कागदावर अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मागण्या नेमक्या ठेवा. "मुलीचा चौथीचा वर्ग माडीवर आहे, तो तळमजल्यावर आणावा", "फळ्यावरचं दिसत नाही, मजकूर मोठ्या अक्षरात द्यावा", "शौचालयाला दांडा बसवावा". "योग्य ती सोय करावी" असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: ४० टक्क्यांचा दाखला नसेल तर काहीच मागता येत नाही. तसं नाही. मोफत शिक्षण १४ च्या पुढे १८ पर्यंत हवं असेल, पुस्तकं-साधनं मोफत हवी असतील, तर ४० टक्के लागतात. वाजवी सोयीला मात्र ही अट नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश प्रकरणात, लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला 'नीट'मध्ये जादा वेळ नाकारल्यावरून, ते पुन्हा बजावलं. पस्तीस टक्के लिहिलेला दाखला घेऊन परत पाठवलेल्या पालकांनी हे दोन निकाल अर्जात नमूद करावेत.

आणखी एक हत्यार जवळच्या शाळेतच मिळतं. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा द्यावी लागते. दिव्यांग मुलाचे आईवडील त्यात येतात. समितीत बसलेल्या आईने रॅम्पचा विषय काढला की तो इतिवृत्तात जातो.

विशेष शाळा

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ ची, ताडदेवची अंधशाळा १९०२ ची. आज बहुतेक विशेष शाळा संस्था चालवतात आणि त्यातल्या अनेकांना शासनाचं अनुदान आहे. इथलं बळ उघड आहे: भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले प्रशिक्षित शिक्षक, ब्रेल, खुणांची भाषा, वाचा-उपचार, आणि आपल्यासारखीच दुसरी मुलं. इथे ही सेवा रोजच्या शाळेचाच भाग असते, तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही. थकलेल्या पालकांसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

उणिवा कमी बोलल्या जातात. शाळा बहुधा जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी असते, म्हणजे सहा-सात वर्षांचं मूल वसतिगृहात. जागा बघायला जाल तेव्हा वर्गापेक्षा वसतिगृहात जास्त वेळ काढा. रात्री मुलांजवळ कोण थांबतं, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, घरी फोन कधी करता येतो, हे विचारा. उत्तर देताना अधीक्षक चिडले तर तेही एक उत्तरच समजा. दुसरी उणीव अभ्यासक्रमाची. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत दैनंदिन कौशल्यं आणि पुढे व्यवसायपूर्व प्रशिक्षण मिळतं, पण ती वाट सहसा दहावीच्या परीक्षेकडे जात नाही. तुमचं मूल सौम्य गटातलं असेल तर हे आधीच विचारून घ्यावं. राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेच्या (एनआयओएस) मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या, म्हणजे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या, शाळा करून घेते का, हाही प्रश्न तिथे कामाचा.

तिसरी गोष्ट कार्यालयाची. जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, तर विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. हा विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याचं आयुक्तालय पुण्यात आहे. विशेष शाळेबद्दलची तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नेलीत तर "आमच्या अखत्यारीत येत नाही" हे ऐकून परत याल.

कोणाला काय

सगळ्या मुलांना एकच उत्तर देणं बेजबाबदारपणाचं होईल.

अस्थिव्यंग असलेल्या मुलासाठी माझ्या मते विचार करण्यासारखं फार नाही: जवळची शाळा. तिथे लढाई बुद्धीशी नसून पायऱ्या आणि शौचालयाशी आहे, आणि ती लेखी अर्जाने जिंकता येते. अध्ययन अक्षमतेचंही तेच. वाचता-लिहिता येत नाही म्हणून हुशार मुलाला विशेष शाळेत टाकणं हा अन्याय आहे. हे हेरण्याची जबाबदारी कलम १६ ने शाळेवरच टाकली आहे. दहावीच्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, आणि लेखनिक घेणाऱ्यांना तासामागे किमान २० मिनिटं जादा देण्याची केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे. तपासणीसाठी दहावीची वाट मात्र बघू नका. ऐनवेळी दाखल्यासाठी रुग्णालयाच्या रांगेत उभं राहिलेलं मूल सराव परीक्षेला मुकतं.

कर्णबधिर मुलाबद्दल मी उलटं सांगेन. घरात कोणी खुणा करत नाही, गावच्या शाळेत कोणाला येत नाहीत, अशा मुलाला सहाव्या वर्षी चाळीस बोलणाऱ्या मुलांत बसवलं तर त्याला 'समावेश' म्हणता येईल का? भाषाच आली नाही तर पुढचं सगळं अडतं. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) लवकर झालं असेल आणि बोलणं येत असेल तर जवळची शाळा. नसेल तर पहिली काही वर्षं चांगली विशेष शाळा. दृष्टिहीन मुलाचं थोडं असंच आहे. ब्रेल आणि काठी घेऊन चालणं पक्कं होईपर्यंत विशेष शाळा, मग माध्यमिकला नेहमीची शाळा आणि लेखनिक. पण घराजवळ ब्रेल शिकवणारे विशेष शिक्षक नियमित येत असतील तर वसतिगृह टाळावं.

बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न मुलांबद्दल सगळ्यांत कठीण. सौम्य असेल तर गावची शाळा, कारण गावातल्या मुलांशी ओळख ही पुढे आयुष्यभर लागते. आधाराची गरज जास्त असेल आणि जवळ चांगली विशेष शाळा असेल तर अपराधी वाटून न घेता ती निवडावी.

घरी शिक्षण

२०१२ च्या दुरुस्तीनेच बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. 'पर्याय' आहे, म्हणजे तो पालकांनी मागायचा; शाळेने "याला घरीच ठेवा, आम्ही हजेरी लावतो" म्हणणं ही पळवाट आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा वारंवार झटके येणाऱ्या मुलासाठी ही सोय खरोखर उपयोगी पडते. मात्र सगळा भार एका येणाऱ्या शिक्षकावर असतो. ते रजेवर गेले की शाळाच रजेवर. आणि मूल कोणाला दिसत नाही, त्यामुळे हयगय झाली तरी ती वर्गशिक्षकाच्या नजरेला पडत नाही, समितीच्या बैठकीतही येत नाही. घरचं शिक्षण घ्यायचंच असेल तर मुलाचं नाव जवळच्या शाळेच्या पटावर असल्याची खात्री करा, भेटींची नोंदवही घरी ठेवा आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा विचार करा: आठवड्यातून एखादा दिवस तरी शाळेत नेता येईल का?

वाट बदलायची तर

मध्येच शाळा बदलणं वाटतं तितकं अवघड नाही. आठवीपर्यंत प्रवेश वर्षभरात केव्हाही मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला हे कारण सांगून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेत कधी न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळतं. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायची गरज नाही.

प्रवेश नाकारला किंवा सोय दिली नाही तर पहिला अर्ज मुख्याध्यापकांना, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. शिक्षणहक्क कायद्याखालच्या लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.  दुसरी वाट २०१६ च्या कायद्याखालची: राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांना साक्षीदार आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित खात्याला तीन महिन्यांत कळवावं लागतं. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे खरं. तरी शिफारशीचा कागद हातात असलेला पालक उच्च न्यायालयात रिकाम्या हाताने जात नाही.

शाळा कोणतीही ठरो, यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज आजच भरून टाका. जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीला वेळ लागतो. प्रवेश मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका. १४ वर्षांपर्यंतचा हक्क मूल म्हणून आहे, त्याला कार्ड लागत नाही. कार्डाची खरी निकड नववीत भासते, शिक्षणहक्क कायद्याचं छत्र सुटतं तेव्हा.