पाण्यात गेलेली नवी गाडी की कोरडी जुनी?

तीन लाखांच्या आसपास बजेट असलं की हा पेच येतोच. एकीकडे चारेक वर्षांची, कमी चाललेली, चकचकीत हॅचबॅक, पण ‘थोडं पाणी लागलेली’. दुसरीकडे नऊ वर्षांची, नव्वद हजार किलोमीटर झालेली, बोनेटचा रंग उडालेली, पण पाण्यात कधीच न गेलेली. मी या दोन्ही घेतल्या, एकीमागून एक.

पहिली 2018ची, चिपळूणची. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यात ती सापडली होती. मी ती पुढच्या एप्रिलात घेतली. मालकाने पाण्याचं लपवलं नव्हतं, ‘पायाशी आलं होतं’ एवढंच म्हणाला. इंजिन सुरेख, एसी गार, आरसी 2033पर्यंत. दोन महिने मी खूश होतो.

जून लागला आणि दमट सकाळी गाडी चालू होईना. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडायचं नाही, मीटरमधला चावीचा दिवा लुकलुकत राहायचा. अर्ध्या तासाने आपोआप चालू. अकराच्या सुमारास गॅरेजला नेली की एकदम ठणठणीत! मेकॅनिक दहा वेळा चावी फिरवून दाखवायचा आणि दहाही वेळा ती चालू व्हायची. स्कॅनर आज एका सेन्सरचा कोड दाखवी, परवा दुसऱ्याचा. बॅटरी बदलली, दोन सेन्सर बदलले, खर्च झाला, दुखणं तिथेच. वडिलांना आठवड्यातून दोनदा सकाळी सातला डायलिसिसला न्यायचं असायचं. ते काठी धरून गेटपाशी उभे आणि मी आत चावी फिरवतोय, हे मला सहन होईना. एकदा कायमची बंद पडली असती तर दुरुस्त तरी करता आली असती.

शेवटी एका जुन्या वायरमनने डाव्या पायाजवळचं प्लास्टिक काढून आतला कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लग, उघडला. पिनांवर हिरवी पूड बसली होती, तांब्याच्या भांड्यावर चढते तशी. वायर दोन इंच सोलली तर आतली तारही काळी. पाणी तारेच्या आतून, प्लास्टिकच्या आवरणाखालून वर चढतं आणि गंज महिनोन् महिने पुढे सरकत राहतो, हे मला त्याने समजावलं. उन्हात सुकलं की जोड धरतो, हवा दमट झाली की सोडतो. मग मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर तांबड्या गाळाचा डाग होता. पाणी पायाशी थांबलेलं नव्हतं. घेण्याआधीच ओढून पाहायला हवा होता.

कपलर साफ केल्यावर दोन महिने बरे गेले, मग पॉवर विंडो त्रास देऊ लागल्या. 2023च्या ऑक्टोबरात सगळं खरं सांगून ती तोट्यात विकली आणि सोलापूरकडची 2014ची वॅगन आर घेतली. तिचे दोष कुणालाही दिसतात. सस्पेन्शन वाजतं, क्लच लगेच बदलावा लागला, आरसी 2029ला संपते. पण जे बिघडतं ते गॅरेजमध्येही बिघडलेलंच असतं, एकदा दुरुस्त केलं की पुन्हा बघावं लागत नाही. वडिलांची सातची वेळ एकदाही चुकलेली नाही.

पाण्यातली प्रत्येक गाडी वाईटच असते असं मी म्हणणार नाही. पूर्ण वायरिंग नवं टाकल्याची बिलं आणि विम्याच्या क्लेमचे कागद हातात मिळत असतील, भाव चांगलाच उतरलेला असेल आणि घरात दुसरी गाडी असेल, तर विचार करायला हरकत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरते आणि अशा गाड्या पुढे बाजारात येतात, म्हणून क्लेमचा इतिहास जरूर काढावा. पण घरात एकच गाडी असेल आणि तिच्यावर कुणाचं औषधपाणी अवलंबून असेल, तर माझं मन कोरड्या जुनीकडेच झुकतं.

तरीही पाण्यातली बघायला जाणार असाल तर एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. जुलैत, रात्रभर पाऊस झालेल्या सकाळी जा आणि तुम्ही पोचण्याआधी गाडी चालू करू नका असं मालकाला सांगून ठेवा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलेलाच राहिला तर दोष आहे, मुळीच लागला नाही तर तो कुणीतरी काढून ठेवलेला असू शकतो. दोन्ही वेळा चहा घेऊन निघून या.