जीसीसी १३, नऊ महिन्यांनंतर: एक तारा दिला होता, आता थोडे वाढवतोय

जीसीसी म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा फुकटचा कंपायलर, याहून जास्त सांगत बसत नाही. मी लातूरला दिवसभर दुसऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि रात्री जेवण झालं की स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितो. फार मोठा नाही. स्क्रीनवर अक्षरं उमटतात, कीबोर्ड चालतो, मेमरीची पानं वाटता येतात, एवढंच. जीसीसी ९ वर तो वर्षभर विनातक्रार चालला. मग लॅपटॉपची हार्डडिस्क गेली. सगळं नव्यानं टाकताना क्रॉस कंपायलर (लॅपटॉपवर चालून माझ्या कर्नलसाठी कोड बनवणारा) जीसीसी १३ चा बांधला.

सोर्स तोच, ओ-टू (कोड वेगवान करायला सांगणारा पर्याय) तोच. क्यूएमू (खिडकीत नकली कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) चालू केलं तर काळी खिडकी, रिस्टार्ट, पुन्हा काळी खिडकी. भाचा शेजारी बसला होता. म्हणाला, "मामा, हे सारखं रिस्टार्टच व्हायलंय की."

ओ-शून्य (वेग वाढवणं बंद) लावलं की कर्नल चालतो, ओ-टू लावलं की मरतो. म्हटलं झालं, कंपायलरच बिघडलेला आहे. रागाच्या भरात एक तारा दिला तो इथूनच. कंपायलरवर खापर फोडलं की लई हलकं वाटतं.

मग मोबाईलचा डेटा जाळून १२, ११, १० उतरवले. दोन कोरच्या लॅपटॉपवर एकेक बांधायला अर्धी रात्र जायची, त्यात मध्येच लाईट जायची. मेक (बांधकाम करणारं टूल) पुन्हा चालवलं की उरलेलंच काम करतो म्हणून निभावलं. ९ वर ठीक, १० पासून मेला. एवढं कळायला चार रात्री गेल्या. ऑब्जडंप (तयार झालेला मशीन कोड दाखवणारं टूल) पहिल्याच दिवशी उघडला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

मेमसेट, म्हणजे मेमरीचा तुकडा एकाच आकड्यानं भरणारं फंक्शन, मी स्वतः लिहिलेला होता. साधा फॉर लूप, एकेक बाइट भरत जाणारा. कंपायलरनं तो लूप ओळखला, "हे तर मेमसेटचंच काम" असं ठरवलं आणि लूप काढून तिथं मेमसेटला कॉल घातला. मेमसेटच्या पोटात मेमसेट! स्टॅक (फंक्शनच्या कॉलची नोंद ठेवणारी मेमरी) खाली खाली जातो आणि शेवटी ट्रिपल फॉल्ट, म्हणजे प्रोसेसर हात टेकून रिस्टार्ट होतो. हे रूपांतर आधी ओ-थ्रीलाच होतं, १० पासून ओ-टूलाही चालू झालं. फ्रीस्टँडिंग (खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही असं सांगणारा पर्याय) लावून उपयोग नाही. मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट, मेमकंपेअर हे चार तुम्हीच पुरवायचे, असं मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे नियमानं कंपायलर बरोबर. उपाय म्हणजे त्या एका फाइलला एफ-नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स हा फ्लॅग (हे रूपांतर बंद करणारा पर्याय). नाव टाइप करेपर्यंत लाईट जाऊन येते.

पण वॉल, डब्ल्यू-एक्स्ट्रा हे इशारे चालू करणारे दोन्ही पर्याय लावलेले असताना एक ओळ इशारा नाही. १२ पासून वॉलमध्ये न संपणाऱ्या रिकर्शनचा (फंक्शननं स्वतःलाच बोलावत राहण्याचा) इशारा आहे म्हणतात. माझ्याकडे तोही गप्प.

चौथ्या महिन्यात मत बदललं. टायमर इंटरप्ट (ठराविक वेळानं प्रोसेसरचं काम मध्येच थांबवणारा) चालू केला आणि एका साध्या फंक्शनमधले आकडे अधूनमधून बिघडायला लागले. यावेळी शिव्या आवरल्या. एकूण ४२ ऑब्जेक्ट फाइल्स (एकेका सोर्स फाइलपासून बनलेला मशीन कोड). अर्ध्या ओ-शून्यच्या, अर्ध्या ओ-टूच्या घेऊन जोडायच्या, बिघाड ज्या अर्ध्यात सापडेल त्याचे पुन्हा दोन भाग. सहा फेऱ्यांत फाइल हातात. एक पैसा खर्च नाही, एक एमबी डेटा नाही.

चूक माझीच. एका फोल्डरच्या मेकफाइलमध्ये (बांधायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) एम-नो-रेड-झोन, म्हणजे रेड झोन बंद करणारा फ्लॅग, टाकायचा राहिला होता. एक्स८६-६४ वर (नेहमीचे ६४ बिट पीसी प्रोसेसर) स्टॅक पॉइंटरच्या, म्हणजे स्टॅकच्या टोकाच्या, खालचे १२८ बाइट फंक्शनला न विचारता वापरता येतात, त्याला रेड झोन म्हणतात. कर्नलमध्ये इंटरप्ट आला की प्रोसेसर त्याच जागेवर आपले ४० बाइट टाकून मोकळा होतो, आणि फंक्शननं तिथं ठेवलेले आकडे बिघडतात.

गंमत म्हणजे अगदी असलाच दोष एकदा खरोखर कंपायलरचा निघाला होता. २०१४ साली जीसीसी ४.९.० नं लिनक्सच्या शेड्युलरमधल्या (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारा भाग) लोड बॅलन्स फंक्शनमध्ये, रेड झोन बंद असूनही, स्टॅक पॉइंटरच्या खाली लिहिलं. तेही डीबगची माहिती मागितली तरच! लिनक्सचे निर्माते टॉरवाल्ड्स यांनी कंपायलरची चांगलीच सालटी काढली, आणि तो प्रकार बंद करणारा फ्लॅग लिनक्सच्या मेकफाइलमध्ये आला. म्हणजे संशय घ्यायला जागा असते. पण तिथंही आधी असेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) वाचली गेली आणि मगच तोंड सुटलं. मी उलटं केलं.

आता १३ च वापरतोय. ९ पेनड्राइव्हवर जपून ठेवलंय. काही बिघडलं की आधी दोन्हींवर बांधून ऑब्जडंप शेजारीशेजारी ठेवतो. भाच्यालाही तेच शिकवलंय, तो आता माझ्याआधी मेकफाइल बघतो.

साडेतीन तारे. चौथा मिळणार नाही. मेमसेटच्या आत मेमसेटला बोलावताना एक ओळ छापायला काय पैसे पडत होते का?